निद्रारोग : पाठीतले पाणी काढणे इतक्यात टळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ट्रिपॅनोसोम या परजीवीमुळे होणाऱ्या आफ्रिकेतील निद्रारोगावरच्या लेखात ‘रोगप्रतिकारशक्तीच्या खुणा सापडल्या, आता पाठीतले पाणी काढायला नको’ असा सूर आहे. तो उतावळा आहे. पाठीतले पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव; तो कण्यात सुई घालून काढतात. निओप्टेरिन, सीएक्ससीएल-१३ (प्रतिकारपेशींचे संदेश-प्रथिन), आयजीएम (एक प्रतिपिंड) या खुणा आजाराचा टप्पा ठरवण्यासाठी (पहिल्यात परजीवी मेंदूपर्यंत पोचलेला नसतो, दुसऱ्यात पोचलेला असतो) मोजायच्या त्या त्याच पाण्यात. रक्तात निओप्टेरिन वाढले तर शरीर कशाशी तरी झुंजते आहे एवढेच कळते; परजीवी मेंदूपर्यंत पोचला का, हे कळत नाही.

प्रचलित निकष साधा आहे. पाण्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये पाचपर्यंत पांढऱ्या पेशी आणि ट्रिपॅनोसोम नाही, तर पहिला टप्पा. पेशी पाचच्या वर किंवा परजीवी दिसला, तर दुसरा. मेख या पाचातच आहे. पेशी मोजायच्या काचपट्टीच्या, म्हणजे सुधारित न्यूबाउअर चेंबरच्या, नऊ चौकोनांत ०.९ मायक्रोलिटर द्रव मावतो. चार पेशी मोजल्या तर पहिला टप्पा, पाच मोजल्या तर दुसरा! फुक्स-रोझेंथाल या दुसऱ्या चेंबरमध्ये ३.२ मायक्रोलिटर मावतो, तिथे सीमारेषा १६ पेशींवर येते. चूक घटते, संपत नाही. कमी आकडा आला की दुसऱ्यांदा मोजावेच. सुईने रक्त मिसळले तर रक्तातल्या पेशी, प्रसंगी परजीवीही, हिशेबात येतात. नमुना रेंगाळला तर उलटे होते: परजीवी आधी विरतात, मग पेशी फुटतात.

खुणांचा खरा उपयोग या काठावरच्या रुग्णांत. पण निओप्टेरिन उजेडात टिकत नाही, नळी झाकूनच ठेवावी लागते. आयजीएम लॅटेक्सवर (बारीक कणांच्या गुठळ्या दिसणाऱ्या सोप्या चाचणीत) तपासता येते, मात्र उपचारानंतर ते हळूहळू उतरते. बरे झाल्याची पावती म्हणून निओप्टेरिन अधिक कामाचे. आणि यांतले काहीच या रोगापुरते नाही: मेंदूच्या क्षयात निओप्टेरिन वाढते, मज्जासंस्थेच्या सिफिलिसमध्ये सीएक्ससीएल-१३. त्यामुळे आधी परजीवी दिसायला हवा, टप्प्याचा प्रश्न त्यानंतर.

एके काळी दुसऱ्या टप्प्यावर आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रॉल द्यावे लागे आणि ते औषधच काहींचा जीव घेई, म्हणून टप्प्याला एवढे महत्त्व. निद्रारोगाच्या गॅम्बियन्स प्रकारात सुई कमी केली ती खुणांनी नव्हे, फेक्सिनिडाझोल या औषधाने. २०१८ मध्ये युरोपीय औषध संस्थेने अनुकूल मत दिलेल्या या दहा दिवसांच्या गोळ्या दोन्ही टप्प्यांत चालतात. तरी लक्षणांवरून आजार मेंदूत बळावल्याची शंका आली तर पाणी काढावेच लागते. पेशी शंभर किंवा अधिक निघाल्या, तर गोळ्यांऐवजी निफर्टिमॉक्स-एफ्लॉर्निथिन ही औषधांची जोडी द्यावी लागते.

आपले,
परजीवीशास्त्राचे दोन अभ्यासक