बाबा, तिकिटाचा हिशोब

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन
१२ जुलै २००९

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचा फोन केला तेव्हा बाबा, तुम्ही एकच विचारलंत, "किती पडले?" कॉलिंग कार्डाची मिनिटं संपत आली होती, म्हणून मी "पत्रात लिहितो" म्हटलं. तेवढ्यात विनूकाकांनी आपल्या परीने आकडा सांगून टाकला, असं आई म्हणाली. मुंबईला मला उतरवून घ्यायला तेच आले होते. बॅगेला लावलेली फर्स्ट क्लासची पट्टी त्यांच्या नजरेस पडली आणि दादरपासून रत्नागिरीपर्यंत माझ्या तिकिटाची किंमत स्टेशनागणिक वाढत गेली. तर आता नीट हिशोब ऐका.

तिकिटाचे पैसे शून्य. कर आणि इंधनाचा अधिभार तेवढा मी खिशातून भरला आणि तो मागच्या साध्या तिकिटापेक्षा कमी होता. बाकी सगळं मैलांतून, म्हणजे विमान कंपनी नेहमीच्या प्रवाशाच्या खात्यात प्रवासागणिक गुण जमा करते आणि त्यांवर पुढे तिकीट देते, त्यांतून. कंपनी मला श्टुटगार्टला पाठवायची तेव्हा लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीच्या प्रत्येक फेरीचे मैल माझ्या नावावर जमा होत गेले. कंपनीच्या नव्हे, माझ्या. बाबांना हे पटणार नाही, ठाऊक आहे. "ड्युटीवर मिळालेलं ते डेपोचं" असं तुम्ही म्हणाल. तो वाद पुढच्या खेपेला पडवीत बसून घालू. इथली पद्धत अशी आहे.

यंदा त्या फेऱ्या बंद झाल्या. जर्मनीशी बोलायचं तर फोनवर. ३० एप्रिलला क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज केला, १ जूनला जनरल मोटर्सने. (१ जून म्हणजे तुमच्या एसटीचा वाढदिवस. १९४८ साली पहिली गाडी नगर-पुणे धावली, हे तुम्ही दरवर्षी ऐकवायचात. यंदा तो दिवस भलत्याच कारणाने लक्षात राहिला.) आम्ही त्या दोघांनाही सुटे भाग पुरवतो, तेव्हा आमच्याकडे काय चाललंय ते वेगळं सांगायला नको. पगार कापले, माणसं कमी केली. मी अजून आहे. बिनपगारी सुट्टी घ्या, असं कंपनीच मागे लागली होती, म्हणून तर जूनमध्ये, भर पावसात, घरी येता आलं. तिथे असताना हे सगळं बोललो नाही, कारण आईने पहिल्याच दिवशी "बारीक झालास" म्हणून सुरुवात केली होती.

आता मुद्द्याचं. विमानात एवढी महाग जागा फुकट मिळते कशी?

बाबा, तुम्ही वाहक होतात, पुढे वाहतूक नियंत्रक झालात. भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या, ते तुम्हाला मी शिकवायला नको. विमान कंपनीही त्यावरच जगते, फक्त तिथे कोणती जागा भरली यालाही फार महत्त्व. शंभर प्रवाशांत पुढच्या, म्हणजे फर्स्ट आणि बिझनेसच्या, वर्गांत बसणारे जेमतेम सात-आठ. पण तिकिटांच्या उत्पन्नातला पाव हिस्सा तरी त्यांच्याकडून येतो. गेल्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली तेव्हापासून नेमकी हीच माणसं आटली. यंदाच्या उन्हाळ्यात ती पाचातला एक या प्रमाणात कमी झालीत. मागच्या जुलैत तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं होतं आणि जो तो इंधनाच्या नावाने ओरडत होता. डिसेंबरात तेल चाळीसच्या खाली आलं, तोवर प्रवासीच गळाले होते. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आहे, आयाटा. तिने गेल्या महिन्यात क्वालालंपूरच्या बैठकीत सांगितलं की यंदा सगळ्यांचा मिळून ९ अब्ज डॉलर तोटा होईल. मार्चमध्ये त्यांचाच अंदाज याच्या निम्म्यावर होता. ब्रिटिश एअरवेजने आपल्या लोकांना आठवडा ते महिनाभर बिनपगारी काम कराल का असं विचारलं आणि त्यांचे मुख्य अधिकारी विली वॉल्श यांनी स्वतःचा जुलैचा पगार सोडला. एअर इंडियाचा जूनचा पगार पुढे ढकलल्याचं तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

मग फर्स्टचा दर का उतरवत नाहीत? मलाही हाच प्रश्न पडला होता. समजा आठ जागा आहेत आणि तीनच विकल्या गेल्या. दर निम्म्यावर आणला, तर पूर्ण पैसे मोजणारे ते तिघेही निम्म्यावर येतील आणि बिझनेसवाले त्याच पैशात वर सरकतील. एकदा उतरवलेला दर पुन्हा चढवणं आणखी कठीण. म्हणून पाटीवरचा आकडा तसाच ठेवायचा आणि रिकाम्या जागा गाजावाजा न करता मैलवाल्यांना द्यायच्या. हे मैल म्हणजे कंपनीच्या डोक्यावरचं देणं असतं, तेही त्या निमित्ताने फिटतं. विमान उडालं की रिकाम्या जागेची किंमत शून्य.

तुमच्या गाडीत पुढे 'आमदार-खासदारांसाठी राखीव' असं लिहिलेली सीट असायची. गाडी सुटायची वेळ झाली आणि कोणी आमदार फिरकला नाही, की तुम्ही एखाद्या म्हातारीला हाताला धरून तिथे बसवायचात. लहानपणी लांज्याला जाताना मी हे पाहिलंय. ती म्हातारी आमदार झाली नाही आणि एसटीचं काही गेलं नाही. मी त्या सीटवर बसून आलो.

आता आईसाठी. जागेपाशी बारीकशा फुलदाणीत एक लाल गुलाब होता, खरा. खुर्ची एवढी रुंद की आपल्या घरातली दोन माणसं मांडी घालून बसतील. आठ जागांत आम्ही तिघं. एक जर्मन गृहस्थ, जे बसल्या बसल्या झोपले ते उतरतानाच उठले. दुसरा डेट्रॉइटचा वकील, दिवाळखोरीची कामं बघणारा. यंदा पूर्ण पैसे भरून पुढे बसणं परवडतंय कोणाला, याचं उत्तर त्याला बघून मिळालं. गडी खुशीत होता.

जेवणाआधी कॅव्हिअर आलं. म्हणजे गाबोळीच, स्टर्जन नावाच्या माशाची अंडी, मिठात मुरवलेली, काळे मणी असावेत तशी. सोबत बारीक चिरलेला कांदा, उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि आंबट साय. चमचा शिंपल्याचा, कारण धातूचा चमचा लागला की म्हणे चव बिघडते. मी दोनदा घेतली. आई, तू तव्यावर तिखट-मीठ लावून करतेस तिची सर नाही, हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. विमानातली हवा कोरडी असते, आतला दाब सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा, त्यामुळे जिभेला मीठ-मसाला कमीच लागतो. म्हणून तिथलं सगळंच जेवण जरा अळणी वाटतं, कितीही मोठ्या स्वयंपाक्याने केलेलं असो. तुझी लसणीची चटणी बॅगेत असती तर त्या वकिलालाही वाढली असती.

जेवण झाल्यावर विमानातल्या वाढणाऱ्या बाईंनी खुर्ची सपाट करून वर गादी घातली, दुलई दिली. आणि मी कुशीवर झोपलो. बाबा, हे वाचायला साधं वाटेल. इतकी वर्षं अटलांटिकवरून जातोय, पण विमानात कूस बदलून झोपता येतं हे मला पहिल्यांदा कळलं. गुलाब, कॅव्हिअर ठीक आहे, ते नसतं तरी चाललं असतं. पाय लांब करता येणं ही खरी चैन.

त्या बाई साठीकडे झुकलेल्या होत्या. काम नव्हतं, म्हणून बोलत उभ्या राहिल्या. २००१च्या सप्टेंबरनंतरही पुढचा वर्ग असाच ओस पडला होता, म्हणाल्या, पण तेव्हा मागेही जागाच जागा असायची. आता मागे खच्चून भरलंय. कारण उघड आहे. कंपन्यांनी साहेबांना फर्स्टमधून बिझनेसमध्ये बसवलं, बिझनेसवाल्यांना मागे पाठवलं. सगळे एकेक पायरी उतरले आणि शेवटच्या पायरीवर गर्दी झाली.

फ्रँकफर्टला फर्स्टच्या लोकांसाठी लुफ्तान्साची एक वेगळी इमारतच आहे, २००४ साली बांधलेली. तिथून विमानापर्यंत मर्सिडीजने किंवा पोर्शने सोडतात, आत अंघोळीला टब आहेत. मी ती पाहिली नाही. ती विमानतळाच्या बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे तिथे जायचं तर जर्मनीत शिरावं लागतं, आणि माझ्या शेंगेन व्हिसाची मुदत मार्चमध्येच संपली होती. तिकीट पहिल्या वर्गाचं असलं तरी पासपोर्ट आपला भारतीयच. आतल्या लाउंजमध्ये बसून चहा प्यायलो.

मुंबईच्या विमानाची वाट बघताना गेटपाशी एक आजी-आजोबा दिसले. न्यू जर्सीत मुलीकडे सहा महिने राहून परत चालले होते, बोलण्यावरून साताऱ्याकडचे. दोघंही व्हीलचेअरवर. आजींचे पाय इतके सुजले होते की कोल्हापुरीचा अंगठा पायात जाईना. चपला पिशवीत आणि पायांत विमानात दिलेले मोजे. आठ तास बसून आल्या होत्या, अजून तेवढेच बसायचे होते. पाणी कमी पितात, म्हणाल्या, कारण खिडकीच्या जागेवरून उठायचं तर दोन माणसांना उठवावं लागतं. मग मी पुढे गेलो आणि त्या मागे. बाबा, तुम्ही तिथे असतात तर काय केलं असतंत ते मला माहीत आहे. मी त्या विमानातल्या बाईंना विचारलंही. जागा बदलून देता येत नाही, नियम आहे, म्हणाल्या. आजींसाठी दोनदा पाणी मात्र मागे पाठवलं त्यांनी.

त्या रात्री मला झोप लागली नाही, गादी असूनही. तेव्हाच ठरवलं ते आता सांगतो.

उरलेल्या मैलांत तुमची दोघांची तिकिटं होतात. फर्स्टची नाही, तेवढे मैल नाहीत. बिझनेसची, जाऊन-येऊन. यंदा गणपती २३ ऑगस्टला आहेत. गौरी-गणपती सोडून तुम्ही हलणार नाही हे गृहीत धरलंय. सप्टेंबरच्या मध्यावर निघायचं, दिवाळी इथे करायची आणि थंडी अंगावर येण्याआधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, परत. तेव्हा इथली झाडं लाल-पिवळी होतात, आईला बघायचीच आहेत. बिझनेसची खुर्ची बहुतेक विमानांत अजून पूर्ण सपाट होत नाही, जरा उतरती राहते, पण बाबांचा डावा गुडघा सरळ राहील आणि आईला उठायला कोणाची परवानगी लागणार नाही.

बाबा, तुमचं म्हणणं मला इथे बसून ऐकू येतंय, "मैल राहू देत, नोकरीचं काही झालं तर उपयोगी पडतील." नाही पडत. त्यांनी घराचा हप्ता भरता येत नाही, वाणी ते घेत नाही. छत्तीस महिन्यांनी ते आपोआप बाद होतात, आणि माझे बरेचसे पुढच्या वर्षी होणारच आहेत. त्यात विमान कंपन्यांचा भरवसा कोणी द्यावा? इथली नॉर्थवेस्ट मागच्या वर्षी डेल्टाने घेतली. बाजार सावरला की हेच साहेब पुन्हा पुढे येऊन बसतील आणि मैलवाल्यांना दार बंद. तुमचे गुडघेही तोवर थांबणार नाहीत. तर आमदार यायच्या आत बसून घ्या.

आणि हो, नोकरी राहिली किंवा गेली तरी तुम्ही यायचंच. गेली तर मी दिवसभर घरी असेन, तेवढाच वेळ मिळेल.

तारखा मी धरून ठेवल्यात. व्हिसा नाही मिळाला तर थोडी फी कापून मैल परत मिळतात, तेव्हा तुमचं एक पैचं नुकसान नाही. मुलाखत मुंबईला, ब्रीच कँडीच्या अमेरिकन वकिलातीत. पेन्शनचं पुस्तक, घराचा उतारा आणि बँकेचं पासबुक बरोबर असू द्या. मुलगा काय करतो विचारलं तर आहे तसं सांगा, गाड्यांच्या धंद्यात आहे म्हणून लाजायचं कारण नाही. विनूकाकांकडे एक रात्र राहा. त्यांना हे पत्र वाचायला दिलंत तरी माझी हरकत नाही.

दोघांचे पासपोर्ट गोदरेजच्या कपाटात, आईच्या शालूखाली असतील. मुदत कधीपर्यंत आहे ते बघून ठेवा. मी पुढच्या रविवारी तुमच्या सकाळी आठला फोन करतो.

तुमचा,
संजू

ता. क. राखाडी पायजमा आणि सदरा खुंटीवर राहिलाय तो विसरून नव्हे, बाबांसाठी ठेवलाय. फर्स्टमध्ये सगळ्यांना देतात, विकत घेतलेला नाही.