मोझांबिकची कविता परकी कशी?

संपादक महोदय,

गोवा क्रांतिदिनानिमित्त आमच्या भागात झालेल्या काव्यवाचनात एका वक्त्याने ‘आफ्रिकेतल्या कवितेशी गोमंतकीयांचा संबंध काय?’ असा सवाल केला. सभागृहात कुणी बोलले नाही, म्हणून हे पत्र.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या ज्या राजवटीची सभाबंदी मोडली, तीच तेव्हा मोझांबिकवरही होती. तिथली कवयित्री नोएमिया द सौझा हिच्या वडिलांच्या घराण्याची एक शाखा तर गोव्याचीच. तिच्या कविता सायक्लोस्टाइल प्रतींतून हातोहात फिरल्या. पुस्तक निघाले ते थेट २००१ साली.

तिची ‘मागाइसा’ ही कविता जोहान्सबर्गकडच्या खाणींवर गेलेल्या मजुराची. तो पेट्या भरून गावी परततो, आणि ती विचारते, तारुण्य आणि तब्येत कुठे ठेवून आलास? उत्तरही तीच देते: ते आता कुठल्याशा शहरात, रात्रीच्या वेळी, एखाद्या बड्या बाईच्या गळ्याशी ताऱ्यांसारखे चमकणार. मी डिचोलीत मराठी शिकवले. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील खाणीवर कामाला. तांबडी धूळ मुलांच्या वह्यांवरही बसलेली असे. त्या मुलांना या कवितेचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

नोएमियाचा जन्म १९२६ चा, नारायण सुर्व्यांचाही. गिरणगावातल्या त्यांच्या कवितेतला कामगार आणि हा मागाइसा शेजारी ठेवून वाचावेत. दुसऱ्या एका कवितेत नोएमिया लाकूड-पत्र्याच्या घरात रात्री रेडिओ लावते. पॉल रोबसन आणि मारियन अँडरसन यांच्या आवाजातली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी ऐकून अस्वस्थ होते आणि लिहीत राहते. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेऊन, आणि पुढाकार कवी-लेखकांचा होता. मग मोझांबिकचेच तेवढे वावडे का?

पोर्तुगीज शाळेत शिकलेली आपल्याकडची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांतल्या मराठी जाणणाऱ्यांच्या मदतीने या मूळ पोर्तुगीज कविता इंग्रजीचा वळसा न घेता थेट मराठीत आणता येतील. आपल्या रविवार पुरवणीने महिन्याला अशा एका कवितेला जागा द्यावी. माझ्या ओळखीतले काही ज्येष्ठ तयार आहेत. मराठी हस्तलिखित तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली