नगांचा हिशोब शिकवणाऱ्या काकांना

ती. काका यांस,
सा. न.

तुमचा चष्मा सापडत नसेल तर काकूंकडून वाचून घ्या. चाळीत बाकी कोणी वाचलं तरी हरकत नाही, माझा भोपळा सगळ्यांना माहीतच आहे.

अकरावीच्या पहिल्या चाचणीत गणित होतं: २८ ग्रॅम नायट्रोजनचा अमोनिया करायला हायड्रोजन किती लागेल? समीकरणात (N₂ + 3H₂ → 2NH₃) एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन दिसले, मी २८ गुणिले ३ करून ८४ ग्रॅम ठोकून दिले. क्लासमध्ये नंतर सूत्र पाठ करून घेतलं. चुकलं कुठे, ते कळलंच नाही.

त्या रविवारी मी गॅलरीत वही घेऊन रडकुंडीला आलेले आणि तुम्ही नागदेवी स्ट्रीटवरून आणलेले नट-बोल्ट निवडत बसलेले. तुम्ही विचारलंत, "एका बोल्टला दोन नट. गिऱ्हाइकाने किलोभर बोल्ट घेतले, तर नट किती देऊ?" मी म्हटलं, दोन किलो. तुम्ही इतके हसलात की काकू बाहेर आल्या.

बोल्ट वीस ग्रॅमचा, नट पाचचा. किलोत बोल्ट बसले पन्नास, त्यांना नट शंभर, म्हणजे अर्धा किलो. "दोन किलोत चारशे येतात. उरलेले तीनशे तो काय कानात घालणार? आधी नग काढ, मग किलो."

नग! मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ नगांचा गठ्ठा, एवढंच. अणू-रेणू एकेक मोजता येत नाहीत, म्हणून तुम्ही नट मोजता तसे वजनावर मोजायचे. २८ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे एक मोल. त्याला हायड्रोजन तीन मोल, आणि हायड्रोजनचा मोल भरतो जेमतेम २ ग्रॅम. उत्तर ६ ग्रॅम. कुठे ८४ आणि कुठे ६!

एवढ्यावर मी वही मिटणार होते, पण तुम्ही समीकरणावर बोट ठेवलंत. "एक आणि तीन, चार नग आत गेले. बाहेर दोनच? दोन नगांचा माल कोणी खाल्ला?" मला उत्तर येईना. हे कोणी विचारलंच नव्हतं. मग वजन करून बघितलं: अमोनियाचा मोल १७ ग्रॅम, दोन मोल ३४. आत गेलेले २८ आणि ६, तेही ३४. रेणू कमी झाले, अणू एकही नाही. ते फक्त नव्याने जोडले गेले. "म्हणजे खोकी बदलली, माल तोच," तुम्ही म्हणालात आणि परत निवडायला लागलात. काकूंना मात्र चेंबूरच्या आरसीएफ खत कारखान्यात हाच अमोनिया बनतो आणि त्याचा पुढे युरिया होतो, याचंच जास्त अप्रूप वाटलं.

सहामाहीत याच धड्यावरची तिन्ही गणितं बरोबर आली. मनापासून आभार, काका.

आणि हो, तुमचा एक नट माझ्या कंपासपेटीत राहिलाय. स्टॉक जुळत नसेल तर तोच.

तुमची,
वरच्या मजल्यावरची