वीजबिलाची दोन खाती

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली हिशेबाची फाइल मी काल दुपारी एचलेजरमध्ये, म्हणजे साध्या मजकूर-फाइलीतून जमाखर्च वाचणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. बँकेची शिल्लक पासबुकाशी पैशापर्यंत जुळते आणि तरीही वर्षाचा वीजखर्च कमी दिसतो, हे तुझे कोडे एका मोकळ्या जागेचे आहे. ऑगस्टच्या नोंदीत खात्याचे नाव आणि रक्कम यांच्यामध्ये तू एकच जागा सोडली आहेस. खात्याच्या नावात एकेरी जागा चालत असल्यामुळे, किमान दोन जागा दिसल्याशिवाय नाव संपले हे त्या प्रोग्रॅमला कळत नाही. त्याने १८४० हा आकडा नावातच धरला, ‘खर्च:वीजबिल १८४०’ असे नवे खाते उघडले आणि बँकेच्या ओळीवरून समोरची रक्कम स्वतःच काढून नोंदीची बेरीज शून्य केली. दोन्ही ओळी रकमेविना राहिल्या असत्या, तर त्याने तुला तिथेच अडवले असते.

चूक शोधण्यासाठी तू फाइल वरपासून वाचत बसलास, ते श्रम वाया गेले. ‘प्रिंट’ ही आज्ञा नोंदी दोन्ही बाजूंसह दाखवते, ती आमची रोजकीर्द. ‘रजिस्टर’ निवडलेल्या खात्याच्या ओळी धावत्या बेरजेसह देते, ती खतावणी. आणि ‘बॅलन्स’ म्हणजे तेरीज, सर्व खात्यांच्या शिलकांची यादी. पतसंस्थेत मी तेरीज आधी आणि कीर्द शेवटी, याच क्रमाने चुका शोधल्या. तुझ्या तेरजेत वीजबिलाच्या दोन ओळी एकाखाली एक उभ्या आहेत.

सर्व खाती आणि चलन फाइलच्या आरंभी जाहीर करून तपासणी ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे काटेकोर पद्धतीने चालवलीस, तर असे अनाहूत खाते शिरणार नाही. खात्यांची नावे तू मराठीत ठेवलीस याचा मला आनंद झाला; परंतु मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च हे प्रकार तो केवळ इंग्रजी नावांवरूनच आपोआप ओळखतो, म्हणून जाहीर करताना प्रत्येकापुढे प्रकारही लिही, अन्यथा ताळेबंद रिकामा येईल. महिनाअखेरीस बँकेच्या ओळीत बरोबरचे चिन्ह देऊन पासबुकातील शिल्लक लिहून ठेव. ही पडताळणी तारखांच्या क्रमाने होते, त्यामुळे मागील तारखेची एखादी नोंद नंतर घुसली तरी ती लगेच उघडी पडेल.

कागदावर आम्हाला खाडाखोड चालत नसे; चूक उलट नोंदीनेच दुरुस्त करावी लागे. तुझी ही चूक केवळ टंकलेखनाची असल्याने ती ओळ सरळ सुधार, मात्र त्याआधी फाइल गिटमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जतन कर. अहवालाच्या आज्ञा फाइलला हात लावत नाहीत, तू लावतोस.

खातेयादीत मला ‘खर्च:पेट्रोल ५००’ असेही एक नाव दिसले. ती नोंद कोणत्या तारखेची, हे तू शोधून मला कळव.

तुझी,
आई