पाऊस आला तर काय, ते तिकिटावरच छापा

संपादक महोदय, नमस्कार.

ओपन एअर कॉन्सर्टची हौस आपल्याकडे चांगलीच वाढलीय, स्टेडियम भरतायत, मनापासून आनंद आहे. पण माझं अर्धं आयुष्य साउंड लावण्यात गेलंय, गणपती, जत्रा, ऑर्केस्ट्रा सगळं, त्यामुळे आभाळ भरून आलं की माझी नजर गायकावर नसते, वायरींवर असते. म्हणून लेड झेपलिन या इंग्रज रॉक बँडची टँपाची गोष्ट सांगतो.

टँपा म्हणजे अमेरिकेत फ्लोरिडामध्ये. तिथल्या स्टेडियममध्ये 5 मे 1973 ला 56,800 लोक आले, आणि आधी वाजवायला दुसरा कुठलाच बँड नव्हता, सगळे फक्त या चौघांसाठी आलेले. 1965 साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स या बँडला 55,600 लोक होते, तो गर्दीचा रेकॉर्ड लेड झेपलिनने मोडला. मला मात्र आकड्यापेक्षा आवाजाचं कौतुक जास्त, कारण बीटल्सच्या वेळी किंकाळ्यांपुढे गाणं ऐकूच येत नव्हतं, आणि आठ वर्षांत लेड झेपलिनवाले स्वतःची मोठी साउंड सिस्टीम घेऊन फिरायला लागले होते.

मग 3 जून 1977. तेच स्टेडियम, या वेळी सत्तर हजारांच्या आसपास लोक. जून म्हणजे तिकडे वळवासारखा गडगडाटी पाऊस कधीही येणार, आणि तिकिटावर छापलेलं काय, तर पाऊस येवो नाहीतर ऊन पडो, शो होणार! तीन गाणी झाली, जेमतेम वीस मिनिटं, आणि जो काही पाऊस कोसळला की बँड स्टेजवरून उतरला तो परत आलाच नाही. लोक भिजत थांबले, शो रद्द म्हटल्यावर भडकले, बाटल्या उडाल्या, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, कितीतरी पोरं जखमी झाली. दुसऱ्या दिवशी शो करायलाही परवानगी मिळाली नाही. तो बँड टँपात पुन्हा कधीच वाजला नाही.

बँड उतरला ते बरोबरच केलं असं मी ठामपणे म्हणतो. 1972 च्या मे महिन्यात वेल्समध्ये स्वानसीला लेस हार्वी हा गिटारवाला अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून स्टेजवर शॉक बसून गेला, 27 वर्षांचा होता. गिटारच्या तारा, माईक आणि मध्ये ओला माणूस, यात शॉक बसायला कितीसा वेळ लागतो? एका गावात ऑर्केस्ट्राच्या वेळी पाऊस आला म्हणून मी मेन स्विच पाडला तर आयोजक अंगावर धावून आले होते, पब्लिकला आम्ही शब्द दिलाय म्हणे. अहो, पण असा शब्द मुळात द्यायचाच कशाला?

माझी आयोजकांना आणि परवानगी देणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. पाऊस आला तर किती वेळ थांबणार, पुढची तारीख कोणती, नाहीतर पैसे कधी परत, हे तिकिटावर ठळक मराठीत छापा, आणि शो थांबवायचा अधिकार साउंड आणि इलेक्ट्रिकच्या माणसाला लेखी द्या, तेही तिकीट विक्री सुरू व्हायच्या आधी.

आपला,
एक जुना साउंडवाला, सांगली