घरकुल मोजताना छप्परही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर प्रशासनाच्या आपत्कालीन तयारीच्या बैठका दरवर्षी होतात. नाले, धोकादायक झाडे आणि दरडी यांचा आढावा घेतला जातो. परंतु ज्या छपराखाली माणसे पावसाचे चार महिने काढणार असतात, त्याची चौकशी मात्र ते उडून गेल्यानंतर, पंचनाम्याच्या वेळीच होते. या विषयाकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधावे, यासाठी हे लिहीत आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यात बहुतेक घरांच्या भिंती उभ्या होत्या. गेली होती ती कौले आणि पत्रे. आठ-दहा दिवसांत मोसमी पाऊस सुरू झाला. टाळेबंदीमुळे बाहेरगावचे कामगार येऊ शकत नव्हते आणि वीज कित्येक दिवस नव्हती. कणगीतले भात, अंथरुणे, जमिनीचे कागद, मुलांची पुस्तके, सारे ताडपत्रीखाली एका कोपऱ्यात रचून कुटुंबेच्या कुटुंबे त्याच्या कडेला बसून राहिली. चार भिंती शाबूत असूनही माणूस बेघर होऊ शकतो, हे आम्ही किनाऱ्यावरच्या लोकांनी तेव्हा पाहिले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक घरांवर हीच वेळ आली.

वादळ वरून दाबून छप्पर मोडते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जोराचा वारा छपरावरून वाहू लागला की वरच्या बाजूचा हवेचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. त्यातच एखादे दार किंवा खिडकी फुटून वारा आत शिरला, तर तो पाख्यांना आतूनही रेटतो. वळचणीच्या कडेच्या आणि आढ्याजवळच्या रांगा सर्वांत आधी जातात त्या याच कारणाने. वासे भिंतीवरच्या लाकडावर टेकवून एकेक खिळा ठोकला की काम झाले, असे मानणाऱ्या घराचे छप्पर केवळ स्वतःच्या वजनावर बसलेले असते, आणि पत्र्याच्या छपराला तर वजनही नसते. वाशांना लोखंडी पट्टीने भिंतीशी आवळणे, ती पट्टी भिंतीत खोलवर रुतवणे, पत्र्यांना खिळ्यांऐवजी वायसरचे स्क्रू किंवा हूक लावणे आणि कडेच्या रांगांमध्ये ते जवळजवळ घेणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. हे ज्ञान नवे नाही. चक्रीवादळात कमी उंचीची घरे कशी तगावीत याविषयी भारतीय मानक ब्यूरोची मार्गदर्शक तत्त्वे २००४ पासून उपलब्ध आहेत. ती गावच्या सुतारापर्यंत पोहोचलेली नाहीत.

जड छप्पर म्हणजे सुरक्षित छप्पर, असेही नाही. मराठवाड्यातील माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरे उन्हाळ्यात सुखद गारवा देत असत. पण गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे त्यांच्यावर मातीचे थर चढत गेले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती व हीच जड धाबी झोपेतल्या हजारो माणसांच्या अंगावर कोसळली. जिथे वारा शत्रू आहे तिथे बांधणी हवी, आणि जिथे जमीन हलते तिथे वजन कमी हवे. राज्यभर एकाच नमुन्याचे छप्पर चालेल, असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

आमच्याकडे वैशाखात घर शाकारण्याची रीत होती आणि काही घरांत ती आजही आहे. जाणता माणूस शिडीवरून एकेक कौल उतरवून घेतो, बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकतो, बद्द वाजणारे बाजूला काढतो, शेवाळ खरवडतो, रिपा दाबून वाळवी लागली आहे का ते पाहतो, आणि मगच आढ्यावरचे कोने पुन्हा बसवतो. हे काम जाणणारी माणसे आता थकली आहेत. कौलारू घरांची जागा पत्रा घेत आहे, याविषयी माझी तक्रार नाही, कारण ज्याची ऐपत जेवढी तेवढेच तो घालणार; परंतु पत्र्याच्या छपराचीही दरवर्षी तपासणी व्हावी लागते, हे मात्र आपण विसरलो आहोत. सैल झालेला एक स्क्रू वेळेवर आवळला, तर पुढचा खर्च टळतो.

सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग प्रकरणात निवारा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगताना, निवारा म्हणजे केवळ जिवाचे रक्षण नव्हे, तर माणसाला सर्वांगाने वाढू देणारे घर, अशी त्याची व्याप्ती मांडली होती. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मूळ अर्थसाहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरलेले आहे. एवढ्या रकमेत जोते आणि भिंती होईपर्यंतच लाभार्थी मेटाकुटीला येतो, आणि काटकसर होते ती नेमकी छपरावर.

म्हणून शासनाकडे माझी विनंती अशी की, किनारपट्टीच्या जिल्ह्यांत घरकुलाचा शेवटचा हप्ता देताना छप्पर भिंतीशी बांधलेले आहे की नाही याची नोंद घ्यावी आणि त्या बांधणीचा खर्च वेगळा द्यावा. योजनेत गवंड्यांच्या प्रशिक्षणाची सोय आहे, तीत सुतारांना आणि छपराचे काम करणाऱ्यांनाही सामावून घ्यावे. ग्रामपंचायतींनी एप्रिलअखेर एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या आणि विधवांच्या घरांची छपरे पाहून घ्यावीत व आवश्यक ती डागडुजी पावसाआधी करून द्यावी. पंचनाम्यानंतरच्या मदतीपेक्षा तिला खर्च कमीच येईल.

आपला,
एक वाचक, श्रीवर्धन, जि. रायगड