काका, "हा रणगाडा कुठल्या दिवशीचा?" हे विचारल्याबद्दल मनापासून आभार

प्रिय काका,
शि. सा. न. वि. वि.

टी-३४-८५ पूर्ण झाला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्याचं माझं १:३५ मॉडेल. शेवटचा मॅट वार्निशचा हात काल वाळला. फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "बरं बरं, पुढचा कधी सुरू करतोयस" म्हणून विषय बदलणार हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आणि तुम्ही जे शिकवलंत ते स्केल मॉडेल करणाऱ्या कुणालाही कामाचं आहे, ते फक्त माझ्यापाशी राहणं बरोबर नाही.

किट जोडून झालं होतं, हिरवा रंग मारून झाला होता, आणि मी तुम्हाला विचारलं की काका आता वेदरिंग (मॉडेल वापरलेलं, मळलेलं दिसावं म्हणून करायचं काम) कुठून सुरू करू, आधी चिपिंग (रंगाचे उडालेले पोपडे) की आधी वॉश (खाचाखोचांत उतरवायचा पातळ रंग), पिगमेंट (धूळ-मातीसाठीची रंगीत पूड) कुठल्या रंगाचं घेऊ. त्यातलं एकही उत्तर तुम्ही दिलं नाहीत. उलट मलाच विचारलंत, "हा रणगाडा कुठल्या दिवशीचा आहे?" मी म्हटलं १९४५ चा. तुम्ही म्हणालात, वर्ष नको, दिवस सांग, आदल्या दिवशी तो कुठे होता आणि त्या दिवशी सकाळी पाऊस होता का ते सांग, मग रंगाचं बोलू.

त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे खरं तर.

कारण मग मी वाचायला लागलो आणि तुम्ही वाचायला काय काय पाठवत गेलात. टी-३४ म्हटलं की सगळे बर्लिनच करतात, टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) पांढरा पट्टा, मागे विटांचा ढीग. तुम्ही मला मांचुरिया (ईशान्य चीन) सुचवलंत. ९ ऑगस्ट १९४५ ला सोव्हिएत सैन्य तिथल्या जपानी फौजेवर, क्वांटुंग आर्मीवर, चालून गेलं, त्यात जनरल क्राव्चेंकोची ६वी गार्ड्स टँक आर्मी मंगोलियाच्या बाजूने निघाली, आधी कोरडं रखरखीत माळरान, मग ग्रेटर खिंगनची डोंगररांग, जिथून रणगाडे येणारच नाहीत असं जपान्यांनी धरलं होतं, आणि हे पहिल्या काही दिवसांतच तिच्या पलीकडे उतरले. पलीकडे पाऊस, चिखल, आणि डिझेल संपलेलं. शेवटी विमानांनी इंधन आणून टाकावं लागलं तेव्हा गाड्या पुढे हलल्या. हे वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, आता बघ, तुझं वेदरिंग कुणीतरी आधीच क्रमाने लिहून ठेवलंय. आधी धूळ, मग पाऊस, मग चिखल, मग सांडलेलं डिझेल. आणि मी ठरवलं, खिंगन उतरून इंधनाची वाट बघत थांबलेला रणगाडा, तोच दिवस.

दिवस ठरल्यावर निम्मे प्रश्न आपोआप सुटले हे मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला तुमचं फार कौतुक वाटतं. ऑगस्ट महिना, म्हणजे बर्फाळ पांढऱ्या रंगाचा आणि त्यासाठी लागणाऱ्या हेअरस्प्रेचा प्रश्नच मिटला. चालतीफिरती गाडी, म्हणजे जाड तांबडा गंज नाही. चिपिंग फक्त जिथे बुटं आणि हात रोज लागतात तिथे, हॅचच्या (आत उतरायच्या झाकणांच्या) कडा, टो हुक, ड्रायव्हरच्या हॅचभोवती, आणि तेही स्पंजच्या तुकड्याने, गडद तपकिरी रंगाने. इथेच तुम्ही ते गणित सांगितलंत जे आता माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. १:३५ मध्ये मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. मॉडेलवर आपल्याला बारीकसा वाटणारा ठिपका खऱ्या गाडीवर तळहाताएवढा होऊ शकतो. टी-३४ च्या हलचं (रणगाड्याच्या मुख्य धडाचं) पुढचं चिलखतच ४५ मिमी जाडीचं, म्हणजे मॉडेलवर जेमतेम १.३ मिमी, मग रंगाचा पोपडा केवढा दाखवायचा ते तूच ठरव, असं म्हणालात. तेव्हापासून ब्रश टेकवायच्या आधी मी पस्तीसने गुणतो.

त्याआधीच्या जोडणीतलंही सांगायला हवं, कारण रंगाखाली काय आहे त्यावरच पुढचं सगळं उभं राहतं. टरेट ओतीव आहे आणि हल रोल्ड प्लेट वेल्ड करून केलेलं आहे, त्यामुळे खरखरीतपणा फक्त टरेटला द्यायचा, हलला नाही, आणि टरेटचं छप्परसुद्धा वेगळी वेल्ड केलेली प्लेट, ते गुळगुळीत ठेवायचं. पुट्टी लिक्विड सिमेंटमध्ये पातळ करून, जुन्या ताठ ब्रशने टोचत टोचत लावायची, वाळली की बारीक सँडपेपरने फक्त वरची टोकं मोडायची. मी तुम्हाला फोटो पाठवला की तुम्ही त्यावर लाल गोल काढून परत पाठवायचात, शब्द फार कमी, "इथे साचा जुळल्याची रेघ राहू दे, ती खऱ्यावर पण असते" एवढंच. एरवी किटवरची प्रत्येक मोल्ड लाईन घासून काढायची असते आणि इथे ही एक मुद्दाम राखायची, हे माहीत असलेल्या माणसाने सांगितल्याशिवाय कळणं शक्य नाही.

ट्रॅकचं (चाकांभोवतीच्या साखळी-पट्ट्याचं) तर वेगळंच. टी-३४ च्या ट्रॅकला एक कडी दात असलेली, एक सपाट, अशा एकाआड एक असतात, आणि मागचं ड्राईव्ह व्हील त्या दातांनाच आतल्या रोलरने ढकलतं, स्प्रॉकेटचे (दातेरी चाकाचे) दात ट्रॅकच्या भोकात शिरतात तसला प्रकार इथे नाही. म्हणून चकाकी कुठे येणार? त्या दातांवर, आणि जमिनीला टेकणाऱ्या उंचवट्यांवर. बाकी कडी धुळकट तपकिरी. तुम्ही सांगितलंत की चंदेरी रंग बाजूला ठेव, मऊ शिसपेन्सिल घे आणि फक्त घासल्या जाणाऱ्या जागांवर फिरव. ग्राफाइटची ती काळपट चमक बघून मी थोडा वेळ काम थांबवून नुसता बघत बसलो होतो. कड्या जोडणाऱ्या पिना सुद्धा साध्याच, आतल्या बाजूने डोकं असलेल्या, बाहेर सरकल्या की हलच्या मागच्या भागातली एक तिरकी पट्टी त्यांना धक्का देऊन परत आत बसवते, आणि ती पट्टी कायम घासून उघडी पडलेली असणार. एवढ्याशा पट्टीवर शिसपेन्सिलचा एक हात, बघणाऱ्यांपैकी किती जणांना दिसेल माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे ना, असं तुम्ही म्हणालात. माझ्या मते या छंदातला खरा आनंद तिथेच आहे.

आता मूळ वेदरिंग. हे जरा सविस्तर लिहितो, वाचणाऱ्यांना वापरता येईल म्हणून.

हिरव्या रंगावर ग्लॉस वार्निश, मग डेकल (आकडे-चिन्हांचे चिकटवायचे छाप), मग पिन वॉश, आणि वॉश काळा नाही तर गडद तपकिरी, कारण हिरव्यावर काळा वॉश मेलेला दिसतो. फक्त बोल्टच्या, वेल्डच्या कडेने टेकवायचा, आणि जास्तीचा थिनरने ओलसर केलेल्या ब्रशने वरून खाली ओढून काढायचा. मग ऑइल पेंट. त्याची एक युक्ती मला तुमच्याकडूनच कळली, ट्यूबमधला रंग आधी कार्डबोर्डच्या तुकड्यावर काढून ठेवायचा, जवसाचं तेल कागद शोषून घेतो आणि मग तो रंग मॉडेलवर लवकर आणि मॅट वाळतो. पिवळी माती, पांढरा, थोडा निळसर, असे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आणि थिनरच्या ब्रशने ते जवळजवळ पुसून टाकायचे. उरतं ते इतकं कमी असतं की फोटोत कळतही नाही, पण हिरवा रंग एकसुरी राहत नाही, उन्हात तापलेला वाटतो.

मग धूळ. इथे तुम्ही मला सगळ्यात जास्त वेळ दिलात. मी सगळीकडे सारखी धूळ मारायला एअरब्रश भरून बसलो होतो आणि तुम्ही म्हणालात थांब, आधी सांग या रणगाड्यावर बसलं कोण होतं. टरेटला आणि हलला त्या दांड्या कशासाठी आहेत? पायदळ वर बसून यायचं. म्हणजे मागच्या इंजिन डेकवर जिथे माणसं दाटीने बसली, तिथली धूळ कपड्यांनी पुसली गेली असणार, दांड्या हातांनी पुसल्या असणार, आणि धूळ साचणार ती कोपऱ्यात, फ्युएल टँकच्या खाली, फेंडरच्या आतल्या बाजूला. तुम्ही पाठवलेल्या जुन्या कृष्णधवल फोटोंतून हेच बघायला सांगत होतात, रंग कळत नाही पण उजळ भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते तर स्पष्ट दिसतं. ते बघून मी धूळ मारली आणि मग माणसांच्या जागा ओल्या ब्रशने हळूहळू मोकळ्या केल्या. मॉडेलवर एकही माणूस नाही, पण कालपरवापर्यंत कुणीतरी इथे बसलेलं होतं असं वाटतं. काका, हे तुमचं देणं आहे.

पावसासाठी वेगळं काही लागलंच नाही, त्याच धुळीवर थिनरचा अगदी बारीक ब्रश उभा खाली ओढत गेलो, टरेटच्या उतारावर लांब रेघा, सपाट भागावर नुसते वाळलेल्या डबक्यांचे काठ. चिखल मात्र दोन रंगांचा. माळरानाची फिकट कोरडी माती आधी, पिगमेंट आणि थोडं प्लास्टर मिसळून चाकांच्या आतल्या बाजूला, आणि त्याच्यावर खिंगनपलीकडचा गडद ओला चिखल, ब्रश भरून त्यावर एअरब्रशची नुसती हवा मारून उडवलेला. गडद फिकटाच्या वरच यायला हवा, उलटं झालं तर गाडी मागे चालत गेल्यासारखं होईल हे तुमचं वाक्य मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. त्या ओल्या चिखलाला थोडं ग्लॉस वार्निश, फक्त तेवढ्यालाच.

आणि शेवटी डिझेल. बाजूच्या गोल टाक्यांच्या झाकणाखालून ओघळलेलं, टँकच्या गोलाईने खाली आलेलं, कडेला पातळ आणि मध्ये गडद, त्यावर परत किंचित धूळ चिकटलेली. एका टाकीवर जास्त ठेवलं कारण तुम्ही म्हणालात की घाईघाईत भरलेलं इंधन प्रत्येक टाकीवर सारखं सांडत नाही. मागच्या प्लेटवरच्या दोन एक्झॉस्टभोवती काजळी, खाली जरा जास्त. संपलं.

मला कल्पना आहे की तुम्ही हे सगळं स्वतःच्या हाताने चटकन करून दाखवू शकला असतात. माझ्या मॉडेलला तुम्ही एकदाही हात लावला नाहीत, अगदी मी "तुम्हीच एक ठिपका टाका ना" म्हटलं तेव्हाही. तुम्ही फक्त विचारत राहिलात, हा डाग कुठून आला, हा आधीचा की नंतरचा, याला कोण घासलं. स्वतःची कामं सोडून, रात्री उशिरा सुद्धा, माझ्या अंधुक फोटोंवर लाल गोल काढत बसलात आणि एकदाही "सांगितलं होतं ना" असं म्हणाला नाहीत. आणि हो, मास्क लावल्याशिवाय एअरब्रश हातात घ्यायचा नाही, खिडकी उघडी पाहिजे, हे दर वेळी न चुकता विचारायचात, त्याबद्दल घरच्यांकडून वेगळे आभार, त्यांनी खास लिहायला सांगितलंय.

हे वाचणाऱ्या मंडळींना एवढंच सांगतो, किट कुठलंही असो, पॅन्थर असो नाहीतर शर्मन नाहीतर साधा ट्रक, वॉशची बाटली उघडायच्या आधी दिवस ठरवा. आणि तुम्हाला असा कुणी काका भेटला तर त्यांना फोटो पाठवायला लाजू नका.

काका, पुढचं पण ठरवलंय. त्याच ६व्या गार्ड्स टँक आर्मीत अमेरिकेकडून आलेले डिझेलवाले शर्मन पण होते, एम४ए२, त्यातला एक करायचाय. पुढे पुराने रस्ते गेले तेव्हा त्या आर्मीच्या गाड्या रेल्वेच्या बांधावरून गेल्या असं तुम्हीच सांगितलं होतंत, तर तो दिवस घेतोय. स्लीपरवरून चालल्यावर रबरी ट्रॅकपॅडच्या कडा कशा फाटत असतील, आणि खडीची धूळ मातीच्या धुळीपेक्षा किती करडी घ्यायची, याचा विचार करून ठेवा प्लीज. सस्पेन्शन जोडायला घेतलंय, रविवारी फोटो पाठवतो.

तुमचा,
रात्री उशिरा फोटो पाठवणारा